पाट, गट आणि मतपेटी

(स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

२०१९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातले दोन्ही लोकसभा मतदारसंघ युतीने मोठ्या फरकाने जिंकले. अहमदनगरमधून भाजपचे डॉ. सुजय विखे पाटील २ लाख ८१ हजारांवर मतांनी निवडून आले, तर शिर्डीतून शिवसेनेचे सदाशिव लोखंडे १ लाख २० हजारांवर मतांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे मतदान झाले. १२ जागांपैकी राष्ट्रवादीने ६, काँग्रेसने २ आणि भाजपने ३ जिंकल्या. नेवासा शंकरराव गडाखांच्या स्वतःच्या पक्षाकडे गेला आणि शिवसेनेच्या हाती काहीच लागले नाही.

पाच वर्षांनी हाच खेळ उलट्या दिशेने झाला. १३ मे २०२४ च्या मतदानात नीलेश लंके यांनी सुजय विखे यांना २८,९२९ मतांनी हरवले. शिर्डीत भाऊसाहेब वाकचौरे ५० हजारांवर मतांनी विजयी झाले. दोन्ही जागा महाविकास आघाडीच्या. मग २० नोव्हेंबरला विधानसभा झाली आणि १२ पैकी १० जागा महायुतीने घेतल्या. आघाडीकडे उरली श्रीरामपूर आणि कर्जत-जामखेड, आणि कर्जत-जामखेडही अवघ्या १,२४३ मतांनी.

मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत जिल्ह्यातली माणसे बदलली नव्हती. गावोगावचे जातींचे प्रमाण तेच होते. जिरायत-बागायत तीच होती आणि शहरातल्या वस्त्याही त्याच. तरीही निकाल पालथा पडला. एखाद्या वस्तीत कोण राहते हे कळले की ती वस्ती कोणाला मत देणार हेही कळते, अशी समजूत चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे असते. नगर जिल्हा या समजुतीला फारशी दाद देत नाही. वस्तीची ठेवण इथे बरेच काही ठरवते. माणूस मतदानाला बाहेर पडेल का आणि कोणाच्या शब्दाला मान देईल, हे तिच्यावरून बऱ्यापैकी कळते. पक्षाचे चिन्ह मात्र त्या शब्दामागून येते आणि पुष्कळदा मधेच बदलतेही.

पाण्याने आखलेला नकाशा

फ्रान्समध्ये आंद्रे सिगफ्रिड या अभ्यासकाने १९१३ साली पश्चिम फ्रान्सच्या मतदानावर ग्रंथ लिहिला. त्याचे सार लोकांनी एका वाक्यात आणले: ग्रॅनाइटची जमीन उजवीकडे मत देते, चुनखडीची डावीकडे. सिगफ्रिडचे म्हणणे अर्थात इतके सोपे नव्हते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात पाणी जागोजागी मिळते, म्हणून घरे विखुरलेली असतात. तिथे जमीनदार आणि चर्च यांचा वचक टिकला. चुनखडीच्या प्रदेशात लोक पाण्याभोवती एकत्र राहिले आणि त्यांच्यात प्रजासत्ताकाचे विचार लवकर पसरले. खडकापासून मतपेटीपर्यंतची ही वाट पाणी, वसाहत, जमिनीची मालकी आणि संस्था अशा पायऱ्यांनी जाते.

नगर जिल्ह्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती आणि त्यातले जवळपास ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. 'उत्तर' आणि 'दक्षिण' हे शब्द इथे दिशेपेक्षा पाण्यासाठी जास्त वापरले जातात. उत्तरेत गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाल्यावर प्रवरेचे पाट वाहू लागले. पाटाला पाणी आले, ऊस आला आणि उसामागून कारखाना आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याची नोंदणी १९४८ ची, आणि १९५० पासून तो गाळप करू लागला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, भेंडा अशी कारखान्यांची रांगच लागली. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे तालुके बराच काळ पावसाच्या भरवशावर राहिले. कुकडी आणि घोडचे पाणी श्रीगोंदा-कर्जतकडे पोहोचले तेही उशिरा आणि नेहमी भांडत भांडत.

कारखाना म्हणजे नुसता साखरेचा उद्योग नव्हता. त्याच्या जोडीला दूध संघ, सोसायट्या, पतसंस्था, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, दवाखाना, बाजार समिती हे सगळे उभे राहिले. शेतकऱ्याचा ऊस वेळेवर तुटणे, मुलाला नोकरी लागणे, सोसायटीचे कर्ज नवे-जुने होणे, ही सगळी कामे एकाच घराशी जोडली गेली. त्या घराभोवती जे जमले त्याला गट म्हणतात. नगरमध्ये माणसाला त्याचा पक्ष नंतर विचारतात, आधी विचारतात, "तुम्ही कोणत्या गटाचे?"

८२२ आणि १,२४,६२४

कोपरगाव तालुक्यात दोन मोठे कारखाने आहेत, कोल्हे घराण्याच्या नेतृत्वाखालचा संजीवनी आणि काळे घराण्याचा कारखाना. दोन्हींचे सभासद गावागावांत मिसळून राहतात. एकाच भावकीतला एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे, असेही असते. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे आशुतोष काळे आणि भाजपच्या स्नेहलता कोल्हे यांच्यात लढत झाली. काळे ८२२ मतांनी निवडून आले. तालुक्याचे जवळपास बरोबर दोन भाग पडले होते.

२०२४ मध्ये काळे अजित पवारांच्या राष्ट्रवादीत होते आणि कोल्हे भाजपमध्ये, म्हणजे दोघेही महायुतीत. कोल्हे घरातून कोणी उभे राहिले नाही. काळे यांचे मताधिक्य १,२४,६२४ वर गेले. पाच वर्षांत तालुक्याचे मन एवढे बदलले असे कोणी म्हणणार नाही. दोन गट एका बाजूला आले, एवढेच घडले होते. मराठा, माळी, दलित, मुस्लिम यांची टक्केवारी मांडून हा फरक समजावता येत नाही, कारण ती टक्केवारी दोन्ही वेळा तीच होती.

शेजारच्या राहाता तालुक्यातली गोष्ट वेगळी, पण त्याच वळणाची. राधाकृष्ण विखे पाटील १९९५ पासून शिर्डी विधानसभा मतदारसंघातून निवडून येत आहेत. या काळात त्यांचे चिन्ह हात होते, मग धनुष्यबाण, पुन्हा हात आणि २०१९ पासून कमळ. त्यांचे वडील बाळासाहेब विखे पाटील यांनीही काँग्रेस, बंडखोरी, शिवसेना आणि वाजपेयी मंत्रिमंडळ असा मोठा फेरा घेतला. १९९१ ची त्यांची आणि यशवंतराव गडाखांची लढत तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि गडाखांची निवड रद्द झाली. दोघेही काँग्रेसच्या मुशीतले आणि दोघांच्याही पाठीशी कारखाना. २०२३ मध्ये राहाता तालुक्यातल्या गणेश कारखान्याच्या निवडणुकीत काँग्रेसचे बाळासाहेब थोरात आणि भाजपचे विवेक कोल्हे यांनी एकत्र पॅनेल करून भाजपच्याच विखेंच्या गटाला हरवले. मुंबई-दिल्लीत बसून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. सभासदाला तो अगदी सरळ हिशेब वाटला.

अमेरिकी अभ्यासक व्ही. ओ. की यांनी १९४९ मध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या अभ्यासात 'मित्र-शेजारी' मतदानाची कल्पना मांडली. जिथे एकाच पक्षाचे वर्चस्व असते, तिथे लोक पक्षापेक्षा आपल्या भागातल्या उमेदवाराला मत देतात, आणि त्याच्या घरापासून दूर जाल तशी त्याची मते विरळ होतात. नगरमध्ये काँग्रेसचे वर्चस्व होते तेव्हाही खरी लढत काँग्रेसच्याच दोन घराण्यांत होई. आता वर्चस्व संपले आहे, ती सवय राहिली आहे. तिच्यात सोयरिकीची भर पडते. राहुरीचे भाजप आमदार राहिलेले शिवाजी कर्डिले हे नगर शहराचे राष्ट्रवादीचे आमदार संग्राम जगताप यांचे सासरे. नगरी माणसे अशा राजकारणाला 'सोयरे-धायरे' म्हणून मोकळी होतात.

गट न जुमानणारे मतदार

गटच सगळे ठरवतो असे म्हटले तर नेत्याने पक्ष बदलला की मतदारही त्याच्या मागे जायला हवा. २०१९ मध्ये या गृहीतकाची दोन ठिकाणी परीक्षा झाली. विखे काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले आणि सहज निवडून आले. अकोल्याचे वैभव पिचड राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीच्या डॉ. किरण लहामटे यांच्याकडून ५० हजारांहून अधिक मतांनी हरले. अकोले हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. वैभव यांचे वडील मधुकरराव पिचड यांनी तिथे १९८० पासून तीन दशकांहून अधिक काळ आमदारकी सांभाळली होती.

दोघांत फरक संस्थांचा आहे. लोणीच्या परिसरात शेती, शिक्षण, आरोग्य आणि नोकरी यांचे धागे एका केंद्राकडे जातात. अकोल्याच्या पश्चिमेकडे, घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, उसाचा कारखाना हे रोजच्या जगण्याचे केंद्र नाही. भात, नाचणी, जंगल, आश्रमशाळा आणि हंगामी मजुरी यांवर तिथले घर चालते. त्यात विरोधकांनी एकास एक उमेदवार दिला. ज्याचा शब्द मोडला तर काही अडते असा मध्यस्थ जिथे नसतो, तिथे मतदार नेत्याला सोडून जाऊ शकतो.

संस्था विरळ असल्या की समाजाची ओळख मोठ्याने बोलू लागते. पाथर्डीच्या डोंगराळ पट्ट्यात वंजारी समाज मोठा आहे. भगवानगड याच तालुक्यात आहे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यामुळे तिथले मन दीर्घकाळ भाजपशी जोडले गेले. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. कर्जत-जामखेडच्या धनगर मतदाराला तिथूनच आलेले भाजपचे राम शिंदे जवळचे वाटतात. ३१ मे २०२३ रोजी जिल्ह्याच्या 'अहिल्यानगर' या नामांतराची घोषणाही चौंडीतच झाली. तरी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये याच मतदारसंघाने बारामतीहून आलेल्या रोहित पवारांना निवडून दिले. दुसऱ्यांदा १,२४३ मतांनी. एवढ्या कमी फरकात 'अमुक समाज अमुक पक्षाचा' या वाक्याचे वजन किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पिकाचीही एक वस्ती असते. पारनेर, नगर, श्रीगोंदा हा कांद्याचा पट्टा. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला, म्हणजे मतदानाच्या नऊ दिवस आधी, उठवली. पारनेर आणि श्रीगोंद्याने लंके यांना मोठी आघाडी दिली. नगर शहराने ती सुजय विखे यांना दिली. शेतात कांदा पिकवणारा आणि तो बाजारात विकत घेणारा, दोघांचे मतदान एकाच दिवशी उलट दिशांना गेले. मात्र नोव्हेंबरमध्ये त्याच पारनेरने लंके यांच्या पत्नी राणी लंके यांना १,५२६ मतांनी घरी बसवले. मधल्या काळात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये घरोघरी पोहोचू लागले होते. राज्यात महिलांचे मतदान २०१९ मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२४ च्या विधानसभेत ६५ च्या पुढे गेले. संगमनेरमध्ये १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात याच लाटेत शिवसेनेच्या अमोल खताळ यांच्याकडून १०,५६० मतांनी हरले. कारखाना, दूध संघ, शिक्षण संस्था हे सगळे जागेवर असताना हरले. गटाची तटबंदी आतून कुठे तडकली याचा अभ्यास संगमनेरात व्हायला हवा.

मतदान कोण करते, कोण करत नाही

२०२४ च्या लोकसभेला राज्याची सरासरी ६१ टक्क्यांच्या थोडी पुढे होती. अहमदनगर मतदारसंघात ६६.६१ आणि शिर्डीत ६३.०३ टक्के मतदान झाले. विधानसभेला राज्याने ६६ टक्के गाठले, तेव्हा कोल्हापूरच्या करवीरमध्ये ते ८५ च्या आसपास होते आणि मुंबईच्या कुलाब्यात ४४ च्या. पाश्चात्त्य देशांत सुशिक्षित आणि सुखवस्तू माणूस जास्त मतदान करतो. भारतात गेल्या तीन दशकांत खेड्यातला आणि गरीब मतदार त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या पुढे राहिला आहे. नगर जिल्ह्यातही नेवाशासारखा ग्रामीण मतदारसंघ टक्केवारीत वर असतो आणि नगर शहर तळाशी.

याचे एक कारण अगदी साधे आहे. ग्रामीण बूथवर कोण आले आणि कोण राहिले हे दुपारी चारला यादीवर टिकमार्क करून पाहिले जाते. मग गाडी जाते, फोन जातात. पुण्याला, चाकणला, मुंबईला कामाला असलेल्या पोरांना ग्रामपंचायतीच्या वेळी गाड्या करून आणले जाते. मत गुप्त असते, बूथची बेरीज मात्र गुप्त नसते. पूर्वी मोजणीच्या वेळी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळल्या जात. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्र जाहीर होऊ लागला. सगळ्या केंद्रांची एकत्र बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' वापरावे, असा निवडणूक आयोगाचा प्रस्ताव होता. तो केंद्र सरकारने मान्य केला नाही. त्यामुळे कोणत्या गावाने किती 'लीड' दिले हे निकालाच्या संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्या लीडवर पुढच्या रस्त्याची, सभामंडपाची, कधी पाटपाण्याच्या आवर्तनाचीही चर्चा होते. घराबाहेर पडायला एवढे कारण पुरते.

नगर शहरातल्या सावेडीच्या नव्या कॉलन्यांत हे दडपण नाही. तिथल्या कुटुंबाचे पाणी, रस्ता, नोकरी कुठल्याच गटाच्या हातात नसते. शिवाय टक्केवारीचा छेद यादीतल्या नावांवर अवलंबून असतो. बदली झालेला कर्मचारी, पुण्याला गेलेला मुलगा, सासरी गेलेली मुलगी यांची नावे यादीत राहिली की ती वस्ती आहे त्यापेक्षा आळशी दिसते. शहरात राहूनही गावाकडचे नाव न काढणारे पुष्कळ असतात, कारण त्यांच्या दृष्टीने खरी निवडणूक तिकडेच असते.

याच्या उलट बाजूला ऊसतोड मजूर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर कोयता उचलतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये ती बहुधा घरी असतात. विधानसभेचे मतदान २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी झाले. २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला, दिवाळी उलटून गेल्यावर आले आणि तेही गाळप हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर. मजुरांचे मतदान बुडेल म्हणून हंगाम पुढे ढकलण्याची मागणी झाली ती यामुळे. एखाद्या तांड्याची टक्केवारी निवडणुकीच्या तारखेवर ठरत असेल, तर तिचा अर्थ लावताना पंचांगही जवळ ठेवावे लागते.

आणि एक वस्ती अशी, जिथे मतदानच होत नसे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तीस वर्षे ग्रामपंचायत बिनविरोध होत राहिली. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्यांदा लढत झाली आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. मतदान न होणे म्हणजे उदासीनता असेही नाही आणि एकमत असेही नाही. गावात विरोधाला जागा होती का, हे पेटी उघडल्याशिवाय कळत नव्हते. ती उघडली आणि गाव पवारांच्याच मागे असल्याचे दिसले.

शहरातल्या बेरजा

नगर शहरात वस्त्यांची ओळख ठळक आहे. मुकुंदनगर मुस्लिमबहुल आहे. नागापूर-बोल्हेगाव औद्योगिक वसाहतीच्या कामगारांचे, सावेडी नोकरदार-व्यावसायिकांची, माळीवाडा-दिल्ली गेट जुन्या गावठाणाचे आणि केडगाव शहरात मिसळलेल्या खेड्याचे. १९९० ते २००९ या काळात शिवसेनेचे अनिल राठोड इथून सलग पाच वेळा निवडून आले. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या, चौरंगी लढत झाली आणि राष्ट्रवादीचे संग्राम जगताप थोड्या मतांनी जिंकले. वस्त्या त्याच होत्या, फक्त मतांची वाटणी बदलली.

२०१८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, काँग्रेस ५ आणि बसप ४ असे बलाबल आले. महापौर झाला १४ नगरसेवकांच्या भाजपचा, आणि तोही राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने. मुकुंदनगरमधल्या मतदाराने भाजपला दूर ठेवायचे म्हणून राष्ट्रवादीला मत दिले असेल, तर त्याच्या मताचे पुढे काय झाले ते त्याने वर्तमानपत्रात वाचले. वस्तीचा कल आणि सभागृहाचा कल यांच्यात नेत्यांची एक खोली असते, आणि तिच्यात जनगणनेचे कोष्टक पोहोचत नाही.

वस्तीच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल बोलण्याचा मोह अभ्यासकांनाही सुटत नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून त्यातला धोका दाखवला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. प्रत्यक्षात ते लोक इतरांपेक्षा कमी साक्षर होते, फक्त ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. पाथर्डीतल्या एखाद्या बूथवर कमळाला ७० टक्के मते पडली, तर उरलेली ३० कोणाची, हे बूथनिहाय निकालाचा फॉर्म २० सांगत नाही. स्त्रिया किती आल्या हे कळते, त्यांनी बटण कोणते दाबले ते नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भदिनावर होणार आहे आणि तिच्यात जातींची नोंद होणार आहे. आजचे मतदारसंघ २००१ च्या लोकसंख्येवर आखून २००८ मध्ये लागू झाले. कोपरगाव लोकसभेच्या जागी राखीव शिर्डी आला तो तेव्हाच. नव्या आकड्यांनंतर सीमा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा नगरची उपनगरे, सुप्याची औद्योगिक वसाहत आणि शिर्डी-राहात्याची वाढ यांचे वजन वाढेल, आणि दक्षिणेतले जिरायती तालुके आपली जागा राखण्यासाठी भांडतील. त्याआधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना करण्यासारखे एक काम आहे. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांचे बूथनिहाय निकाल सार्वजनिक आहेत. पाथर्डीचे डोंगरपट्ट्यातले बूथ, कोपरगावचे काळे-कोल्हे सभासदांचे बूथ आणि सावेडीच्या कॉलन्यांतले बूथ असे तीन संच घ्यावेत. मे आणि नोव्हेंबरचे आकडे शेजारी मांडावेत. त्यांच्यापुढे पाटपाण्याखालचे क्षेत्र, सोसायटीचे सभासद आणि हंगामी स्थलांतर या तीन रकान्यांत माहिती भरावी. राज्यशास्त्राच्या एखाद्या वर्गाला हे काम एका शैक्षणिक वर्षात पुरे करता येईल, आणि सीमा आखणाऱ्यांसमोर सुनावणीला उभे राहताना जिल्ह्याच्या हाती स्वतःचे कोष्टक असेल.